दिंडीच्या टेम्पोतला फ्यूज

पौष महिन्यात आपल्या गावची दिंडी निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकेश्वरला जाते. मागून सामानाचा टेम्पो असतो. त्यात गोधड्या, भांडी, मृदंग असतात. रात्री म्हातारी माणसे त्यातच झोपतात. टेम्पोच्या बॅटरीवर दिवे आणि लाऊडस्पीकर लावतात.

बॅटरी 12 व्होल्टची असते. तिचा शॉक बसत नाही म्हणून मोठी माणसेसुद्धा तिला भीत नाहीत. पण वायरीतून जास्त वीज गेली की वायर तापते, वरचे प्लॅस्टिक वितळते आणि शेजारच्या गोधडीला आग लागू शकते. म्हणून मध्ये फ्यूज बसवतात. त्यातली बारीक पट्टी आधी वितळते व वीज बंद होते.

गाडीच्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. लाल फ्यूजचे गणित सोपे आहे. 12 गुणिले 10 म्हणजे 120 वॅट. 20 वॅटचे चार दिवे लावले तर 80 वॅट, चालते. त्यावर 100 वॅटचा लाऊडस्पीकर लावला की झाले 180! मग थोड्याच वेळात फ्यूज उडतो.

उडाला की काही लोक तिथे तांब्याची तार नाहीतर चॉकलेटची चांदी घालतात. दिवे लागतात, भजन चालू होते, सगळे खूश. पण आता तार वितळत नाही, वायरच जळते. लालच्या जागी पिवळा घातला तरी तोच धोका. वायर जेवढे सोसेल तेवढाच फ्यूज पाहिजे.

आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला त्याची राखण नसते. नवा घालताना आधी लाऊडस्पीकर बंद करायचा, नाहीतर तो पण उडतो.