‘अल्लाहू अकबर’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हल्ल्याच्या बातमीत हे दोन शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की पुष्कळांना त्यांची ओळख तेवढीच आहे. पण हेच शब्द पहाटेच्या बांगेत असतात, नवजात बाळाच्या कानात सांगितले जातात आणि जनाज्याच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, नमाजातही म्हटले जातात. शेजाऱ्याच्या जन्ममरणाला जोडलेले हे शब्द नीट समजून घ्यायला हवेत.

गैरसमज : हा अकबर बादशहाचा जयघोष आहे.
वस्तुस्थिती : अकबराचा जन्म १५४२चा. बांग त्याच्या जवळपास नऊशे वर्षे आधीपासून दिली जाते. अरबीत ‘कबीर’ म्हणजे मोठा आणि ‘अकबर’ म्हणजे त्याहून मोठा. संत कबीरांचे नावही याच मुळातले. बादशहाने आपल्या नाण्यांवर हे शब्द घातले, तेव्हा त्यातून ‘अकबर हाच अल्लाह’ असा अर्थ निघेल ही शंका दरबारातही निघाली होती. पण शब्द आधीचा, बादशहा नंतरचा.

गैरसमज : ‘आमचा देव तुमच्या देवाहून मोठा’ असा याचा अर्थ.
वस्तुस्थिती : देव अधिक मोठा आहे, एवढेच यात म्हटले आहे; कशापेक्षा, ते सांगितलेले नाही. ती जागा मोकळी आहे. माझ्या पैशाहून, माझ्या चिंतेहून, माझ्या अहंकाराहून मोठा, असे म्हणत श्रद्धावान माथा टेकतो. ‘अल्लाह’ हाही एका धर्मापुरता शब्द नाही. अरब ख्रिस्ती आपल्या बायबलमध्ये देवाला हेच म्हणतात. माल्टातले कॅथलिक ‘अल्ला’ म्हणतात.

गैरसमज : ही केवळ युद्धाची आरोळी आहे.
वस्तुस्थिती : रणांगणावर ती दिली गेली आणि निरपराधांना मारणाऱ्यांनीही दिली, हे नाकारू नये. पण नमाजाच्या प्रत्येक रकातीत, म्हणजे आवर्तनात, वाकताना, सजदा करताना (माथा टेकताना) आणि सजद्यातून उठताना ती म्हटली जाते. आनंदात, नवलात, संकटातही ती सहज तोंडून निघते. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीच्या काळात लोकांनी रात्री गच्च्यांवरून शहाविरुद्ध ही घोषणा दिली. २००९मध्ये त्याच गच्च्यांवरून, तीच घोषणा, त्या क्रांतीतून आलेल्या राजवटीविरुद्ध दिली गेली. कोणत्याही एका गटाची तिच्यावर मालकी नाही.

गैरसमज : भारतात ही घोषणा नेहमी फुटीचीच ठरली.
वस्तुस्थिती : असहकार आणि खिलाफत चळवळीच्या काळात, १९२०मध्ये, गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सभांसाठी तीनच घोषणा सुचवल्या. त्यांत ‘अल्लाहू अकबर’ होती, ‘वंदे मातरम्’ किंवा ‘भारतमाता की जय’ होती आणि हिंदू-मुसलमानांचा एकत्र जयजयकारही होता. पहिली घोषणा हिंदूंनीही आनंदाने द्यावी, कारण मोठा फक्त देवच, असे त्यांचे म्हणणे होते.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत नमाजासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला आणि ५१ जीव गेले. पुढच्या शुक्रवारी त्या देशाने राष्ट्रीय रेडिओ-दूरचित्रवाणीवरून बांग ऐकवली. त्यांतल्या एका मशिदीसमोरच्या हॅगली पार्कमध्ये नाना धर्मांचे हजारो लोक स्तब्ध उभे होते. त्यांच्या कानांवर पहिले शब्द पडले ते हेच. त्या दिवशी त्यांतून कोणाला भीती वाटली नाही, कारण ते कोण म्हणत आहे आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होते. आपणही हे शब्द ऐकताना आधी तेवढेच जाणून घ्यावे.