बाटलीला नियम, विहिरीला काय?

२००३ साली बाटलीबंद पाण्यात कीटकनाशके सापडली आणि देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी बाटलीसाठी मर्यादा आली: एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम. आमचा त्याला विरोध नाही. पण वस्तीवरच्या विहिरीचे काय? गावातल्या तपासणी संचाला फ्लोराईड कळते, नायट्रेट कळते; कीटकनाशक कळत नाही. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा निदान बातमी तरी झाली.

कोळशाची गाळणी विष धरून ठेवते. मग तो विषारी कोळसा टाकायचा कुठे? (उत्तर ठरलेले: गावकुसाबाहेर!) विजेची पद्धत वेगळी आहे. बोरॉनमिश्रित हिऱ्याचा पातळ थर दिलेला इलेक्ट्रोड पाण्यात सोडून वीज दिली, की पाण्यातूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि विषाचा रेणूच तोडत नेतात. पुरेसा वेळ दिला तर कार्बन डायऑक्साईड, पाणी आणि क्षारांपर्यंत. इलेक्ट्रोड महाग आहे, वीज लागते आणि पाण्यात क्लोराईड असेल तर क्लोरेटसारखी नवी घाण होऊ शकते. म्हणूनच प्रयोगशाळेबाहेर चाचणी हवी. ती कापूसपट्ट्यातल्या एखाद्या वस्तीच्या विहिरीवर, सौरविजेवर, शासनाच्या खर्चाने करा आणि पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, एवढीच आमची मागणी आहे.