पत्रा उडतो कुठून? गोठ्यासाठी खिळा, स्क्रू आणि बोल्ट कसा निवडावा



पुणे-नगर रस्त्यानं सुप्याला उतरलात की पहिली ओळख होते ती वाऱ्याची. आपल्या पारनेर तालुक्याच्या या माळावर वाऱ्याला अडवायला झाड नाही की डोंगर आडवा नाही. म्हणून तर जवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा त्यांना फिरवतो, तोच वारा वळवाच्या पावसाआधी आपल्या गोठ्याचा पत्रा उचलतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आत शिरलं, तेव्हा कितीतरी शेडचे पत्रे उडाले. पण पत्रे उडायला चक्रीवादळच लागतं असं नाही. एखादी जोराची वावटळही पुरते.

"पत्रे बसवताना कोणता स्क्रू घ्यावा? खांबाला खिळा धरेल का? मशीन विकत घ्यावं का?" असे प्रश्न श्रोते नेहमी विचारतात. त्याचं उत्तर आज सविस्तर देत आहोत.

एका वस्तीवर काय पाहिलं

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सुप्याजवळच्या एका वस्तीवर जावं लागलं. आदल्या संध्याकाळी सुटलेल्या वाऱ्यानं गोठ्याचं छप्पर उचलून शेजारच्या रानात नेऊन टाकलं होतं. एका गाभण गाईचा पाय मोडला होता. मालक म्हणाले, "साहेब, पत्र्याला एक स्क्रू कमी नाही मारला. दुकानातला सगळ्यात भारी घेतला होता."

त्यांचं म्हणणं खरं होतं. उताण्या पडलेल्या छपरावर पत्रे जसेच्या तसे होते, एकही स्क्रू निघाला नव्हता. सुटलं होतं ते खाली. सहा इंची सिमेंटच्या खांबाच्या डोक्यावर प्लेट ठेवून ती अँकर बोल्टनं आवळली होती. काही बोल्टांना काँक्रीटचे ढलपे तसेच चिकटून आले होते, तर काही बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसे स्वच्छ बाहेर आले होते.

ढलपा घेऊन बोल्ट निघाला, तर तो काठाच्या फार जवळ होता असं समजावं. बोल्ट स्वच्छ निघाला, तर भोक सैल होतं किंवा त्यात भुकटी राहिली होती. माल भारी होता, जागा चुकली आणि पद्धत चुकली.

वाऱ्याचा हिशेब

पत्रा वजनामुळे जागेवर बसतो असं आपण धरून चालतो. जरा हिशेब करू. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्याचं वजन साधारण दहा-बारा किलो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची ओढ एका चौरस मीटरला अंदाजे ४७ किलो पडते. म्हणजे त्या एका पत्र्यावर सुमारे १३० किलोची वर ओढ! वारा निम्मा, ताशी ५० किलोमीटर असला तर ओढ निम्मी नव्हे, पाव होते, म्हणजे ३२ किलो. तरीही ती पत्र्याच्या वजनाहून दुप्पट-तिप्पट आहेच. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहूनही जास्त बसते. गोठा बाजूंनी उघडा असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो.

आता पत्र्यावर ठेवलेल्या दगडांचा विचार करा. दहा किलोचे चार दगड म्हणजे चाळीस किलो. १३० किलोपुढे ते काय करणार? पत्रा उचलला की तेच दगड खाली माणसांवर, जनावरांवर पडतात. दगड ठेवणं हा उपाय नाही, तो नवा धोका आहे.

तीस बाय पंधरा फुटांचा गोठा धरला तर सगळ्या छपरावरची ओढ दोन टनांच्या घरात जाते. खांब आठ असतील तर प्रत्येक खांबाच्या जोडावर सरासरी अडीचशे किलो. पत्र्याचा एकेक स्क्रू पंधरा-वीस किलोच पेलतो, खांबावरचा जोड मात्र अडीचशे किलो पेलतो. आपण लक्ष देतो ते स्क्रूकडे, आणि सुटतो तो जोड. पत्रा आडव्या पाईपला, पाईप खांबाला आणि खांब जमिनीला, अशी ही साखळी आहे. साखळी तुटते ती कच्च्या कडीपाशी.

म्हणून कुठलाही खिळा-बोल्ट घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. खाली काय आहे? आणि ओढ कुठून आहे?

खाली लाकूड असेल तर

खिळा लाकडात धरतो तो नुसत्या घर्षणावर. बाजूच्या ओढीला तो चांगला, पण सरळ उपसणाऱ्या ओढीला कच्चा. वारा तर उपसतोच! शिवाय ओलं लाकूड वाळलं की आक्रसतं आणि खिळा ढिला पडतो. सुबाभूळ, निलगिरीचे ताजे वासे वापरले तर पुढच्या उन्हाळ्यात खिळे हातानं हलतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. लाकडाच्या टोकावर, म्हणजे रेषांच्या दिशेनं ठोकलेला खिळा तर जवळजवळ नसल्यासारखाच.

स्क्रूचे आटे लाकडात रुततात, म्हणून उपसणाऱ्या ओढीला स्क्रू घ्यावा. लाकडात तो किमान दीड इंच गेला पाहिजे. बाभळीसारख्या कठीण लाकडात आधी गिरमिटानं किंवा मशीननं स्क्रूच्या दांड्याहून थोडं बारीक भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं किंवा लाकूड चिरतं. आट्यांना थोडा साबण चोळला की स्क्रू सहज जातो.

आढं आणि मेढ यांच्या जोडाला मात्र खिळाही नको, स्क्रूही नको. तिथं आरपार बोल्ट घाला आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर ठेवा. वायसर नसेल तर चाकी लाकडात घुसते. कांदाचाळीला बांबू वापरत असाल तर त्यात खिळा ठोकू नका, बांबू उभा फाटतो. भोक पाडून बोल्ट घाला किंवा तारेनं घट्ट बांधा.

खाली काँक्रीट असेल तर

काँक्रीटमध्ये साधा खिळा वाकतो. पोलादी खिळा जातो, पण तो वायरची पट्टी धरण्यापुरता. कामाप्रमाणे पुढील वस्तू निवडा.

१. हलकं काम, जसं दिव्याचा बोर्ड किंवा औषधाची फळी: प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू. प्लगची कल्पना जुनी आहे. रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज माणसानं १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा प्लग काढला, म्हणून आजही आपण 'रावल प्लग' म्हणतो. स्क्रू आत गेला की प्लग फुगतो आणि भोकाच्या भिंतीला दाबून बसतो.

२. जड काम, जसं फाटकाची बिजागरी किंवा गव्हाणीचा पाईप: अँकर बोल्ट, ज्याला दुकानात फास्टनर म्हणतात. गोठ्याला तीन सुती म्हणजे साधारण १० मिलिमीटरचा पुरे. हा काठापासून चार इंच आत हवा. दोन बोल्टांतही तेवढंच अंतर ठेवा. काँक्रीट नवं असेल तर अठ्ठावीस दिवस पाणी मारून पिकू द्या, मगच बोल्ट आवळा.

३. खांबाचा माथा: इथं अँकर बोल्ट नकोच. सहा इंची खांबात तुम्ही अगदी मधोमध भोक घेतलं तरी काठ तीन इंचांवर येतो. त्या वस्तीवरची चूक हीच होती. खांब ओतताना चार सुती बोल्ट खालचं टोक वाकवून, आतल्या सळईत अडकवून आठ-दहा इंच पुरा. खांब आधीच उभे असतील तर माथ्याखाली फूटभर अंतरावर सळई चुकवून खांबाच्या आरपार भोक घ्या, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट घाला आणि पट्ट्या वरच्या पाईपला जोडा.

आपल्याकडच्या जुन्या, पांढऱ्या मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर कसलाच अँकर भरवशाचा नाही. दगड धरेल, पण दगडाला धरणारी माती सुटेल. अशा भिंतीजवळ स्वतंत्र खांब उभे करून छपराचा भार त्यांवर घ्या.

खांबाच्या पायाचं विसरू नका. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्यात भरलेलं काँक्रीट सुमारे तीनशे किलो वजनाचं होतं. वर सांगितलेल्या अडीचशे किलोंच्या ओढीला ते पुरतं.

भोक पाडण्याची रीत

काँक्रीटला ठोके देणारं हॅमर मशीन आणि कार्बाइडच्या टोकाचा बिट लागतो. लाकूड आणि पत्र्याला ठोके बंद ठेवून साधा बिट वापरा. वर्षातून एकदा लागणारं मशीन विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. बिट मात्र नवा घ्या. झिजलेला बिट वाकडंतिकडं भोक पाडतो.

भोक बोल्टाच्या लांबीहून अर्धा इंच जास्त खोल घ्या. मग सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून आतली भुकटी फुंकून काढा. हे काम दोन मिनिटांचं, पण शंभरात नव्वद जण ते टाळतात. भुकटी राहिली की बोल्ट भिंतीला न धरता भुकटीला धरतो.

डोळ्यांवर चष्मा ठेवा. ओल्या गोठ्यात मशीन चालवू नका आणि तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर वापरा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. अशा पत्र्याला भोक पाडायचंच असेल तर पाणी मारून, हातगिरमिटानं आणि नाकातोंडाला मास्क लावून पाडा.

पत्रा बसवताना

लोखंडी पाईपवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू किंवा अडीच सुती जे-हूक वापरा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर घ्या, पन्हळीत नको, म्हणजे पाणी झिरपणार नाही. स्क्रूचा रबरी वायसर किंचित दबेल इतकंच आवळा. रबर बाहेर फुगलं तर जास्त झालं, ते उन्हानं लवकर फाटतं. कडेला आणि कोपऱ्यांत प्रत्येक दुसऱ्या उंचवट्यावर, मध्ये प्रत्येक तिसऱ्या उंचवट्यावर जोड द्या. गोमूत्र आणि शेणाच्या वाफेनं लोखंड लवकर गंजतं, म्हणून जस्ताचा मुलामा असलेलाच माल घ्या.

लक्षात ठेवा

१. ओढ उपसणारी असेल तर खिळा नको.
२. काठापासून चार इंच. जागा नसेल तर आरपार बोल्ट.
३. भोक पाडलं की भुकटी काढा.
४. पत्र्यावर दगड ठेवू नका.
५. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वळवाचा वारा सुटण्याआधी, पाना घेऊन गोठ्याभोवती एक फेरी मारा. खांबापासून सुरुवात करा, पत्र्याकडे शेवटी जा. ढिली चाकी आवळा, गंजलेला बोल्ट बदला.

त्या वस्तीवरच्या मालकांनी पुन्हा गोठा उभा केला. पत्रे जुनेच, स्क्रूही बरेचसे जुनेच वापरले. नव्यानं घातले ते फक्त खांबांवरचे आरपार बोल्ट आणि पट्ट्या. त्यानंतरचे उन्हाळे छप्पर जागेवर आहे. पाय मोडलेली ती गाय लंगडत का होईना, त्याच छपराखाली उभी असते.