मालकाविना निघालेली बॅग

विमानतळावर आपली अंगझडती झाली, की उतारू निश्चिंत होतो. वास्तविक त्याने शंका घ्यावयाची ती विमानाच्या पोटात चढणाऱ्या सामानाविषयी. २२ जून १९८५ रोजी व्हँकूव्हर येथे एका उतारूने आपली बॅग टोरांटोहून निघणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात परस्पर चढविली जावी असा हट्ट धरला. त्या विमानात त्याची जागा निश्चित नव्हती. परंतु रांग मोठी होती. काउंटरवर अखेर बॅग स्वीकारली गेली. बॅग निघाली, उतारू मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. उरलेले सामान हातात धरावयाच्या शोधकयंत्राने तपासण्यात आले. हे उपकरण भरवशाचे नाही, हे त्याच वर्षी आधी घेतलेल्या चाचणीत दिसून आले होते! दुसऱ्या दिवशी दिल्ली-मुंबईकडे येणाऱ्या ‘कनिष्क’ विमानात आयर्लंडजवळ स्फोट होऊन ३२९ जण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर कॅनडाने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी उतारू व सामान यांचा मेळ घालणे सक्तीचे केले. एखादा उतारू आला नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते. विमान खोळंबते आणि आत बसलेले लोक कुरकुरतात.