जीपला मोठे टायर टाकताय? आधी क्राऊन-पिनियनचा हिशोब करा



उन्हाळा लागला की सातनाला काय आणि मत्तडीवागू काय, पाणी मागे सरकतं. पावसाळ्यात जिथे डोंग्याजवळ गाडी लागते, तिथून पाणी एप्रिलमध्ये चांगलंच आत गेलेलं असतं, आणि मधे उरतो तो काळा गाळ. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लोणी. मासळी निघायचे दिवसही नेमके हेच. क्रेट, बर्फाच्या पेट्या, ओली जाळी घेऊन गाडी खाली न्यावी लागते आणि भरून वर काढावी लागते. म्हणून आपल्यातल्या काही जणांनी जुन्या जीपला मोठे टायर टाकले. आम्हीही संस्थेच्या जीपला टाकले होते. गाडी रुबाबदार दिसायला लागली, पण काठाचा चढ चढताना दम सोडायला लागली. एका हंगामात दोनदा क्लच-प्लेट बदलली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोष क्लचचा नव्हताच.

टायर मोठा झाला की काय होतं, हे आपल्या माणसाला वल्ह्यावरून लगेच कळेल. नेहमीच्या वल्ह्याऐवजी दीडपट रुंद पात्याचं वल्हं हातात दिलं, तर एका ओढीत डोंगा जास्त पुढे जाईल खरा, पण भरल्या डोंग्यात ती ओढ काढताना खांदे भरून येतील. ज्यांच्याकडे इंजिनाची होडी आहे त्यांनी छोट्या इंजिनावर मोठा पंखा लावून पाहिला असेल. इंजिन घुसमटतं, काळा धूर सोडतं, उठतच नाही. जीपचंही तेच. चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, आणि त्याच प्रमाणात जमिनीवरचा जोर कमी होतो.

आता आकडे बघू. जुन्या जीपचा सहा-सोळाचा टायर साधारण २८ इंच उंच असतो. त्या जागी ३१ इंची टाकला, तर ३१ भागिले २८, म्हणजे १.१ च्या थोडं वर. ओढ सुमारे १० टक्क्यांनी घटली. दहा टक्के ऐकायला काहीच नाही वाटत. पण दीड टन भरलेल्या गाडीला चढावर ते कसं लागतं, तर गाडीत आणखी १६० किलो माल टाकल्यासारखं. टायरचं स्वतःचं जादा वजन वेगळंच. शिवाय काटाही खोटं बोलायला लागतो. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने पळत असते.

आणि एवढं करून गाडी किती उचलली जाते? टायर ३ इंचांनी मोठा, म्हणजे हाऊसिंग दीडच इंच वर. बाकीचा दीड इंच मडगार्डकडे जातो.

गेलेली ओढ परत आणायची जागा मागच्या हाऊसिंगमध्ये आहे. शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन, त्याला लागून मोठा क्राऊन. पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९ दाते असतील, तर ३९ भागिले ८, म्हणजे जवळपास ४.८८. शाफ्टचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला हाच रेशो होता. त्यानंतरच्या सीजे-३बी जीपला, जी महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, ४३ आणि ८ दात्यांचा, म्हणजे ५.३८ होता. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि पळणं कमी. इथे गोंधळ होतो, कारण मिस्त्री याच मोठ्या आकड्याला ‘लो’ म्हणतात. दुकानात बोलताना नुसतं हाय-लो म्हणू नका, दाते सांगा.

सूत्र सोपं आहे. जुना रेशो गुणिले नव्या टायरची उंची, भागिले जुन्या टायरची उंची. ४.८८ गुणिले ३१ भागिले २८ केलं की ५.४० येतात. बाजारात ५.३८ चा जोड असतो. म्हणजे ४.८८ च्या गाडीला ३१ चा टायर टाकून ५.३८ चा क्राऊन-पिनियन बसवला, तर गाडी जवळजवळ पहिल्यासारखी ओढेल आणि काटाही पुन्हा खरं बोलेल. पण तुमच्या गाडीत आधीच ५.३८ असेल, तर हिशोब ५.९६ वर जातो. तो जोड शोधत फिरण्यापेक्षा टायर लहान ठेवलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाडीत कोणता रेशो आहे हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. जुन्या जीपची हाऊसिंग किती हातांतून गेलेली असते कोण जाणे. घरीच मोजा. सपाट, टणक जागा बघा. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रलला, गाडी टू-व्हीलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टलाच धरतो, म्हणून तो सोडावाच लागतो आणि म्हणूनच दगड पक्के हवेत. मागचं दुसरं चाक जॅकवर उचला, चाकाला आणि शाफ्टला खडूची खूण करा. कुणीही गाडीखाली शिरू नका, शाफ्ट बाजूने वाकून दिसतो. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन फेरे का? एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की डिफरन्शियलमुळे मोकळं चाक दुप्पट फिरतं. पाचाला थोडे कमी आले तर ४.८८, साडेपाचाच्या अलीकडे आले तर ५.३८.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. फोर-व्हील गाडीत पैसे वाचवायला फक्त मागचा जोड बदलायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा. एका जुवाला वेगवेगळ्या चालीचे दोन बैल जुंपल्यासारखं होतं. गाळात चाकं घसरतात म्हणून काही काळ कळत नाही. पण फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर आलात की पुढचा शाफ्ट एक म्हणतो, मागचा दुसरं म्हणतो, आणि मधल्या ट्रान्सफर केसचे दाते पिळवटतात. बदलायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. गाडी साधी टू-व्हील असेल तर खर्च एकाच हाऊसिंगचा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन भंगारातून आणून बसवलं तर महिन्याभरात रडायला लागेल. बसवणारा हातही तसाच हवा. पिनियन किती आत बसतं हे शिम टाकून ठरतं, मग दात्यांमधला प्ले, मग बेअरिंगचा ताण. दात्यांना रंग लावून ठसा दात्याच्या मध्यावर पडतो का, हे जो मिस्त्री तुम्हाला दाखवतो, त्याच्याकडेच काम द्या. ‘बसलं, आवाज करत नाही’ एवढ्यावर भागवणाऱ्याला नमस्कार करून निघा. काही हाऊसिंगमध्ये रेशो बदलला की आतला डिफरन्शियलचा पिंजराही बदलावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

ऑइल जीएल-५ दर्जाचं, ८५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. नवा जोड पहिले काही दिवस रिकाम्या गाडीने, थोडं चालवून थंड होऊ देत वापरा. ८०० किलोमीटरच्या आसपास ते ऑइल काढून टाका, त्यात धातूचा बारीक चुरा उतरलेला असतो.

आपल्या धंद्यासाठी एक वेगळी गोष्ट. पळून तापलेली हाऊसिंग थेट पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं आणि नवे दाते गंजतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत न्या. काठावर पोहोचल्यावर गाडी थोडी निवू द्या. पाण्यात उतरल्या आठवड्यात ऑइल एकदा बघाच.

रेशो बदलून ब्रेक सुधारत नाहीत. मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो. आणि कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कंपनीने त्या मॉडेलला मंजूर केलेलं टायरचं माप आरटीओत विचारूनच ठरवा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

आमच्या जीपचं काय झालं ते विचाराल. मोजली तेव्हा तिच्यात आधीच ५.३८ निघाला. मग मोठे टायर उतरवले, जुने सहा-सोळाचे परत चढवले. आता गाळात उतरण्याआधीच ट्रान्सफर केसचा लो लिव्हर टाकतो, त्याने ओढ दुप्पट-अडीचपट होते. टायरची हवा थोडी कमी करतो, डांबरीवर आलो की भरतो. बर्फ एका खेपेऐवजी दोन खेपांत नेतो. क्लच-प्लेट अजून तीच आहे.

ज्यांच्या गाडीत ४.८८ निघेल त्यांनी दाते मोजून, टायरचं माप लिहून संस्थेच्या कार्यालयात यावं. हिशोब बसून करू.