वर की खाली?

आपल्या डोक्यावरचे आकाश आपल्याला मोकळे दिसते. प्रत्यक्षात त्यात रस्ते आखलेले असतात, मजले ठरलेले असतात आणि कोणत्या विमानाने कोणत्या मजल्यावरून जायचे हे जमिनीवर पडद्यासमोर बसलेला एक माणूस सांगत असतो. तो म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक. प्रवाशांना त्याचा चेहरा कधी दिसत नाही. काही विपरीत घडले की मगच त्याची आठवण होते.

१२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी तशी आठवण साऱ्या देशाला झाली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे जंबो जेट वर चढत होते आणि कझाकस्तानचे इल्युशिन दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. जंबोला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, इल्युशिनला १५ हजारांवर. मधले हजार फुटांचे अंतर पुरेसे होते. पण इल्युशिन आपला मजला सोडून खाली आले. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानांचे अवशेष कोसळले. ३४९ माणसे गेली. पोटासाठी आखाताकडे निघालेले कितीतरी भारतीय त्यांत होते. तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकाला रडारवर विमान दिसे, त्याची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानायची. या अपघातानंतर भारताने मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे केले.

या यंत्राचे नाव टीकॅस. त्याचे काम समजायला सोपे आहे. ते आसपासच्या विमानांना सतत रेडिओ संदेशाने विचारत राहते, तू कुठे, किती उंचीवर? उत्तरांवरून ते अंतर आणि वेग यांचा हिशेब मांडते. धोका दिसला की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देते. धोका टळला नाही, तर ‘क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड’ अशी आज्ञाच करते. दोन्ही विमानांत हे यंत्र असेल, तर ती आपसात ठरवतात. एक ‘वर’ म्हणाले की दुसरे ‘खाली’ म्हणते. हे सारे टकरीच्या जेमतेम अर्धा मिनिट आधी चालते.

म्हणजे जमिनीवर माणूस आणि विमानात यंत्र, असे दोन राखणदार झाले. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली, त्यामुळे दोन राखणदारांची पद्धत माझ्या परिचयाची. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. एकाने नकार दिला तर दार बंद राहते, खातेदार ताटकळतो, फार तर दोन शब्द सुनावतो. पण मत जुळले नाही तर थांबायचे, हा नियम जिथे थांबता येते तिथेच चालतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही.

१ जुलै २००२च्या रात्री जर्मनीच्या दक्षिणेला, यूबरलिंगेन गावावर नेमके हेच घडले. एका रशियन तुपोलेव्हमधून उफा शहरातली शाळकरी मुले सुटीसाठी स्पेनला निघाली होती. दुसरे विमान मालवाहू बोइंग. त्यात फक्त दोन वैमानिक. दोन्ही विमाने ३६ हजार फुटांवर. त्या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकहून होत असे. तिथे रात्रपाळीला एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता. रडार यंत्रणेच्या देखभालीचे काम चालू होते, मुख्य टेलिफोनही बंद होता. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला होता, पण फोन लागेना.

नियंत्रकाच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. त्याने तुपोलेव्हला खाली उतरायला सांगितले. काही सेकंदांतच तुपोलेव्हमधले यंत्र म्हणाले, वर चढा. आणि बोइंगमधले म्हणाले, खाली उतरा. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेव्हने माणसाचे. दोन्ही विमाने खाली आली आणि एकमेकांवर आदळली. ७१ जण मेले. त्यांत बहुतेक मुलेच होती. यंत्राने काय सांगितले हे नियंत्रकाला कळलेच नव्हते. आणि तुपोलेव्हच्या वैमानिकांना शिकवलेली पुस्तकी रीत नियंत्रकाच्या शब्दालाच वजन देणारी होती.

पुढे २००४मध्ये, या अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी गाठून भोसकून मारले. त्या बापाच्या दुःखाला माप नाही. तरीही मन म्हणते, रात्री एकट्याला दोन माणसांच्या कामावर बसवण्याचा निर्णय त्या नियंत्रकाचा एकट्याचा नव्हता. २००७ साली स्विस न्यायालयाने त्या संस्थेतील चौघांना दोषी ठरवले, तेव्हा निदान एवढे तरी कागदावर आले.

नियमही स्पष्ट झाला. यंत्राची आज्ञा आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध आला, तर वैमानिकाने यंत्राचेच ऐकायचे आणि तसे नियंत्रकाला कळवायचे. ते कळले की नियंत्रकाने त्या विमानाला वर-खाली होण्याची सूचना द्यायची नाही. यंत्र माणसापेक्षा शहाणे आहे म्हणून हा नियम झाला नाही. त्या काही सेकंदांत दोन्ही विमानांशी एकाच वेळी बोलणी करणारे तेच असते, म्हणून झाला.

आपली मुले, नातवंडे आज विमानाने ये-जा करतात. सुखरूप पोहोचल्याचा फोन आला की आपण देवाचे आभार मानतो, तसे जरूर मानावेत. त्याबरोबर रात्रपाळीच्या त्या पडद्यासमोर आज पुरेशी माणसे बसली आहेत ना, हेही विचारत राहावे.