घराभोवतीचा एक गुंठा



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि खतांचे हप्ते यांच्याविषयी लिहितो. या वेळी वावरातून थोडं घराकडे वळावं म्हणतो. झरी आणि परभणी-जिंतूर रस्त्याच्या आजूबाजूच्या शिवारात फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. उसाच्या सरीत तणाची एक काडी दिसली तर आपला सभासद वाकून ती उपटतो. पण घराभोवतीची किंवा आखाड्याभोवतीची गुंठाभर जागा त्याच्या हिशेबातच नसते. तिथं न्हाणीचं पाणी साचलेलं, औषधाचे रिकामे डबे पडलेले, आणि एका कडेला कुत्रं झोपलेलं.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. एकरात असे चाळीस गुंठे. त्यातल्या या एका गुंठ्यात भाजी, फुलं, एखादा कडुनिंब, चार कोंबड्या, मांजर आणि कुत्रा सहज मावतात. आपली लेकरं दिवसभर खेळतात ती इथंच. आणि उसातून जे जे बाहेर पडतं, मग तो उंदीर असो, साप असो, हुमणीचा भुंगेरा असो की फवारणीचं औषध असो, ते सर्वांत आधी याच गुंठ्यात येतं. म्हणून ही जागा उसाच्या प्लॉटइतकीच बारकाईने पाहिली पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

पाणी आणि परसबाग

आपली जमीन काळी भारी. ती पाणी धरून ठेवते आणि लवकर सोडत नाही. त्यामुळे न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी दारात सोडलं की चिखल होतो, डास होतात. हे पाणी उताराच्या बाजूला एका चरीने काढून द्यावे. चरीच्या तोंडाशी कर्दळ लावावी, पुढे केळीचे दोन-तीन कंद लावावेत. साबणाचं पाणी ही झाडं बऱ्यापैकी सोसतात. पालेभाजीला मात्र असलं पाणी देऊ नये. मेथी, पालक, कोथिंबीर यांना साधं पाणी, तेही थोडं थोडं द्यावं.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारं आणि डास हटवले. काळ्या जमिनीत शोषखड्डा घ्यायचा तर तो मुरमापर्यंत खोल जायला हवा, नाहीतर तो भरून वर येतो. डेंग्यूचा डास तर साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. म्हणून रांजण, हौद, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा रिकामं करून, घासून, कोरडं करून मगच भरावं.

भाजी कोणती लावावी हे घरातल्या बाईमाणसांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही एवढंच सांगू की एक शेवगा, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि मांडवावर दोडका किंवा वाल असला की बाजारचा निम्मा हेलपाटा वाचतो. आणि या भाजीवर उसाच्या फवारणीतलं उरलेलं औषध मारू नका. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं याचं गणित पिकागणिक वेगळं असतं. आज मारलेलं औषध उद्या पानात वाढलं जाईल, हे विसरता कामा नये.

फुलझाडे: कोणती दारात, कोणती बांधावर

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर जूनच्या शेवटी ते जुलैच्या सुरुवातीला रोप टाकावे, साधारण महिन्याने लावणी करावी. पुढे दोनेक महिन्यांत फुलं सुरू होतात. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात, म्हणून टोमॅटो-वांग्याच्या ओळीत तो मुद्दाम लावतात. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून विश्रांती द्यावी, छाटणी करावी, नंतर खत-पाणी सुरू करावे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात अंगण दरवळतं. थंडीत शेवंती आणि बारमाही जास्वंद, सदाफुली आहेतच.

आता धोक्याचं. कण्हेर दिसायला छान, पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही म्हणून आपण ती कुंपणाला लावतो. पण तिचं पान, फांदी, फूल सगळंच विषारी आहे. छाटणीच्या फांद्या वाळल्यावर वैरणीत मिसळल्या आणि शेळीने किंवा गाईने त्या खाल्ल्या तर जनावर दगावतं. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे लेकरं खेळतात त्या बिट्ट्या, त्याहून वाईट. त्यातलं विष थेट हृदयावर जातं. लहान लेकरं असलेल्या घराच्या अंगणात बिट्टीचं झाड नसावं. असेल तर काढून टाका. तिथं पारिजातक लावा.

दारातला कडुनिंब आणि हुमणी

परसातला कडुनिंब सावली देतो हे खरं, पण ऊस उत्पादकाच्या दृष्टीने त्याचं आणखी एक काम आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. रात्रभर पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं, आणि पहाटे ते पुन्हा जमिनीत जातात. एक मादी जमिनीत साधारण पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या पुढचे पाच-सहा महिने उसाच्या मुळ्या खातात. बेट पिवळं पडून हाताने उपटून येतं तेव्हा आपण जागे होतो. पण तोवर औषधालाही फारसा उपाय उरत नाही.

म्हणजे हुमणी उसात दिसण्याआधी आपल्या दारातल्या झाडावर येऊन गेलेली असते. वळीव झाल्यावर पहिले चार-पाच दिवस रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन कडुनिंबाखाली जावं. खाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. घरची पोरं हे काम खेळ समजून करतात. एकट्याने केलं तर भागत नाही, शेजाऱ्याचे भुंगेरे तुमच्या वावरात येतात. गल्लीने, गावाने मिळून केलं तर एका रात्रीत पुढच्या हजारो अळ्या वाचतात. उन्हाळी नांगरटीच्या वेळी कोंबड्या आणि बगळे, साळुंक्या नांगरामागून अळ्या वेचतात, त्यांनाही हाकलू नये.

मांजर, घुबड आणि उंदराचं औषध

ऊस आला की उंदीर आला, आणि उंदरामागे साप आला. घरात मांजर असेल तर धान्याच्या कोठीजवळचे उंदीर ताब्यात राहतात. गोठ्यात, जुन्या वाड्यात राहणारं पांढुरक्या तोंडाचं गव्हाणी घुबड रात्रभर उंदीरच टिपतं. घुबड ओरडलं म्हणजे अपशकुन, असं मानून त्याला दगड मारणारा माणूस आपलाच राखणदार हाकलतो. धामण सापाचंही तसंच. ती बिनविषारी आहे, गाईचं दूध पीत नाही, उंदीर खाते.

या राखणदारांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपण ठेवलेलं आमिष. झिंक फॉस्फाइड ही काळी पूड पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. त्यावर उतारा नाही, ना जनावरासाठी, ना माणसासाठी. आमच्या फेरीत एका आखाड्यावर असं घडलं की उघड्यावर ठेवलेल्या आमिषाच्या पिठाच्या गोळ्या राखणीच्या कुत्र्याने खाल्ल्या आणि तासाभरात ते गेलं. त्याच अंगणात दोन वर्षांचं लेकरू रांगत होतं. गोळी त्याच्या हाती लागली असती तर? म्हणून आमिष बिळाच्या आतच टाकावे आणि बिळाचं तोंड बुजवावे. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. स्वयंपाकाच्या भांड्यात आमिष कालवू नये.

तसंच जुन्या फोरेटचं. हुमणी आणि खोडकिडीसाठी एकेकाळी आपण हे दाणेदार औषध सर्रास वापरलं. सरकारने त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. तरीही काही घरांत माळ्यावर अर्धी पिशवी पडून असते. कोंबड्या ते दाणे धान्य समजून टिपतात. अशी पिशवी असेल तर ती उकिरड्यावर, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका. लेकरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवून कृषी सहायकाला कळवा. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, बियाणं काहीही भरू नका. डब्याला भोक पाडून तो निकामी करा.

कुत्रा, लस आणि ऊसतोड टोळी

आता सर्वांत महत्त्वाचं. आखाड्यावर कुत्रा हवाच. रात्रीची राखण, रानडुकराची चाहूल, सोबत, सगळं तो करतो. पण कारखाना सुरू झाला की शिवाराचं रूप बदलतं. बीड, गंगाखेड, जिंतूरकडच्या टोळ्या येतात, वावराच्या कडेला कोप्या पडतात. बैलांबरोबर, ट्रॅक्टरबरोबर त्यांची कुत्रीही येतात. गावची आणि टोळीची कुत्री एकमेकांना चावतात. कोपीतली लेकरं उघड्यावर झोपतात. पिसाळीचा आजार पसरायला यापेक्षा सोयीची वेळ नाही.

पिसाळीची लक्षणं एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. पण चावल्यावर लगेच लस घेतली तर हा आजार पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चरने १८८५ साली एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. आपल्यापैकी वयस्क मंडळींना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील, आणि त्या भीतीने माणसं दवाखाना टाळून मांत्रिकाकडे जात. ती जुनी लस भारतात बनवणं २००४ च्या अखेरीस बंद झालं. आता दंडात चार-पाच वेळाच सुई घ्यावी लागते: स्नायूत दिली तर पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खोल जखम असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं.

चावल्यावर पहिलं काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणे. चुना, हळद, मिरची, तेल काही लावायचं नाही. मग थेट सरकारी दवाखाना. कुत्रं दहा दिवस बांधून पाहतात ते ठीक; पण ते पाहत बसून लस लांबवू नये, पहिली सुई त्याच दिवशी घ्यावी. पूर्ण डोस संपेपर्यंत थांबू नये.

आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्या, मग दरवर्षी. गळीत सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गावातली सगळी कुत्री एका दिवशी टोचून घेतली तर सोयीचं होईल. पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवलं तर एका गावात एकत्र काम होतं. आणि आपल्या उसात टोळी उतरली की तिच्या कुत्र्यांचीही चौकशी करा. टोळीचं लेकरू चावून घेऊन आलं तर त्याला दवाखान्यात पोचवणं हे आपलं काम आहे. ऊस आपला आहे, त्यामुळे कोपीतली माणसंही तेवढ्या दिवसांची आपलीच.

पहाटेची फेरी

हे सगळं लक्षात ठेवायला एक सोपी रीत आहे, ती म्हणजे सकाळी घराभोवती आणि बांधावरून रोज एक फेरी. मोटार सुरू करायला आपण जातोच, तेव्हाच ती होते. पायात बूट असू द्या, हातात काठी. पाचटातून जाताना काठी आपटत चाला, म्हणजे घोणस बाजूला होते. रात्री जमिनीवर न झोपता बाजेवर, मच्छरदाणीत झोपा. मण्यार रात्रीच चावते आणि चावल्याचं कळतही नाही. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं नको. हात-पाय न हलवता दवाखान्यात न्यावं. सर्पदंशावरची लस आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही तयार होते, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते.

फेरीत काय पाहायचं? पाणी साचलंय का, कुत्रं मलूल आहे का, मांजर दिसलं का, आमिष उघडं पडलंय का, कडुनिंबाचा पाला कुणी कुरतडलाय का. आणि मोगऱ्याला कळी आली का, हेही पाहायचं. कारण या गुंठ्यातून मिळणारा आनंदही उत्पन्नातच धरावा लागतो. दिवसभर पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीची चिंता वाहणाऱ्या माणसाला दारी फूल, पायाशी कुत्रं आणि दहा मिनिटांची पायपीट यांची गरज असते, असं आम्हाला वाटतं.

थोडक्यात

१. न्हाणीचं पाणी चरीने कर्दळ-केळीत, दारात नाही.
२. बिट्टी अंगणातून काढा, कण्हेरीचा पाला वैरणीत जाऊ देऊ नका.
३. वळवानंतर पहिले चार-पाच दिवस कडुनिंबावरचे भुंगेरे गोळा करा.
४. उंदराचं आमिष बिळातच टाका, औषधं कुलपात ठेवा.
५. कुत्र्याची लस गळितापूर्वी करा. चावल्यास पंधरा मिनिटं साबण-पाणी आणि त्याच दिवशी दवाखाना.

येत्या हंगामाआधी ज्या गावांना कुत्र्यांच्या लसीकरणाचा दिवस ठरवायचा आहे, त्यांनी गट ऑफिसात आपल्या गावातील कुत्र्यांची अंदाजे संख्या कळवावी. दवाखान्याशी बोलून तारीख मिळवण्यासाठी शेतकी खाते आपल्यासोबत आहे.